सोन्याच्या तबकडीचं वाण

माझ्याइतकी सोन्याची घड्याळं परभणी जिल्ह्यात कुणाकडं न्हाईत. बढाई म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. गंगाखेडच्या सराफ्यात चंद्रभान डहाळेचं दुकान कुणीबी दाखवंल, पण घड्याळांचं कुणाला ठावं न्हाई. ती मी दुकानात ठेवीत न्हाई अन् उठसूट कुणाला दाखवीतबी न्हाई. दाखवायच्या लायकीचा माणूस यावा लागतो. आजवर लय आले न्हाईत.

आमचा धंदा मोडीचा. म्हणजे लोक जुनं, तुटकं सोनं आणतेत, आमी ते तोलतो, वितळवतो अन् नवं घडवून देतो. त्या मोडीत कधीमधी घड्याळ यायचं. कुणाच्या आज्याचं, कुणाच्या चुलत्याचं. बाकीचे सराफ काय करतेत? आतलं मशीन उपसून भंगारात टाकतेत अन् वरचं सोन्याचं कवच भट्टीत. मला ते कधी जमलं न्हाई. मशीन बाहेर काढलं तरी टिकटिक करीत असतं हो! जिवंत वस्तूला भट्टीत कसं घालावं? मग मी गिऱ्हाइकाला सोन्याचा भाव चोख द्यायचो अन् घड्याळ घरी न्यायचो.

आमचे वडील दत्तराव लय कडक. ते म्हणायचे, "सराफानं मालावर जीव लावू नये. जीवच लावायचा तर म्हैस पाळ, दूध तरी देईल."

तर आता त्या घड्याळाचं सांगतो, ज्याच्यापायी हे सगळं झालं. सोन्याची घड्याळं जगात रग्गड हायेत, पण बहुतेकांचं कवचच सोन्याचं असतं. काटे फिरतेत ती तबकडी साध्या पितळेची, वरून मुलामा. तबकडीसकट अस्सल सोनं असलेलं घड्याळ हजारात एखादं. अशी माझ्याकडं थोडीच हायेत अन् त्यांतलं सगळ्यात देखणं बोरीहून आलेलं. बोरीचे एक डॉक्टर जुन्या काळी विलायतेला जाऊन आले, तिकडून त्यांनी ते आणलं. नातवानं ते मोडीत आणलं तेव्हा भट्टी पेटलेली होती अन् वडिलांनी चिमटा हातात घेतला होता. मी घड्याळ उन्हात धरलं. तबकडीवर नुसती पिवळी चमक न्हाई, सायीसारखा मऊ उजेड. मुलाम्याला तसला उजेड कधी येत न्हाई, सोन्यातच ज्याची हयात गेली त्याला ते कळतं. मी वडिलांना म्हणलं, "दादा, हे मोडायचं न्हाई." त्यांनी मला म्हशीचं सांगितलं. पण चिमटा खाली ठेवला.

कंपनीचं नाव मी सांगत न्हाई. ज्याला कळतं त्याला कळंल अन् ज्याला कळत न्हाई त्याला सांगून उपयोग काय?

एवढं सगळं लपवून ठेवणारा मी, पण गेल्या साली पोरीनं, ईश्वरीनं, मला मोबाइलवर घड्याळवाल्यांच्या एका ग्रुपात घातलं. पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे शौकीन लोक. रोज कुणी ना कुणी फोटो टाकायचं अन् बाकीचे वाहवा करायचे. एक दिवस माझ्यानंबी ऱ्हायवलं न्हाई. बोरीच्या घड्याळाचा फोटो टाकला अन् खाली लिहिलं, 'तबकडी अस्सल सोन्याची. परभणी जिल्हा.'

त्यावर कोथरूडच्या एका साहेबांनी लिहिलं. मी त्यांना कोथरूडकरच म्हणतो, त्यांच्या संग्रहाचं मोठं नाव हाय. त्यांनी लिहिलं, 'परभणीकडे असं घड्याळ? तबकडी नंतर कुणीतरी बदललेली दिसते. पत्रा आणि मुलामा.' खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं आमच्या जिल्ह्याला चिडवायची 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हणबी टाकली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली! मुलामा? मला, चंद्रभान डहाळेला, मुलामा कळत न्हाई? मी तिथल्या तिथं लिहिलं, 'पुण्यात जूनमध्ये तुमचा मेळावा हाय ना, घेऊन येतो. डोळ्यानं बघा.' आता मागं सरायची सोय न्हवती. त्या मेळाव्यात ते घड्याळ टेबलावर ठेवायचं अन् सगळ्यांच्या देखत खरं करायचं, एवढा एकच ध्यास लागला.

अन् नेमका यंदा जूनच्या तोंडावर धोंडा आला. अधिक महिना. आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालतेत, पुरणाचे धोंडे करतेत, जावयाच्या हातात वाण देतेत. ईश्वरीचं लग्न झाल्यावरचा हा पहिलाच धोंडा. जावई नचिकेतराव पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगा गुणी, पण बोलायला लाजाळू. हातात ते काळं, चार्जिंगचं घड्याळ, कुणाचा फोन आला की मनगट थरथरतं. मी त्यांच्याशी बोलायचं म्हणलं तर काय बोलू? त्यांच्या कामातलं मला कळत न्हाई अन् माझ्या कामात त्यांना रस असंल असं मला वाटलं न्हवतं. वाणात द्यायला मी परभणीहून त्यांच्यासाठी नवंकोरं घड्याळ आणलं. सोनेरी, सेलवालं, चांगल्या शोरूमचं.

आता सराफाच्या घरची एक गोष्ट तुमाला सांगायला पायजे. आमच्या घरात डब्या-पेट्या नसतेत. डबी बघितली की चोराला कळतं आत काय हाय. आमी सगळं गुलाबी कागदात गुंडाळतो. अंगठी असो, पाटल्या असोत, घड्याळ असो, सगळ्याची पुडी सारखीच. धोंड्याच्या दिवशी सकाळी मी बोरीचं घड्याळ पुण्याला न्यायचं म्हणून तिजोरीतून काढलं, पुसलं, पुडी बांधली अन् देवघराच्या फळीवर ठेवलं. शेजारीच जावयाच्या घड्याळाची पुडी.

दुपारी जेवणं झाली. आमच्या मंडळींनी, रेणुकानं, लेक-जावयाला पाटावर बसवलं, गंध लावलं, अनारशाचं ताट दिलं, वर दिवा, अन् अनारशाच्या बाजूला गुलाबी पुडी. सासुरवाडीला मिळालेलं वाण तिथंच उघडून बघायची पद्धत न्हाई. जावयानं ते कपाळाला लावलं अन् बॅगेत ठेवलं. संध्याकाळी दोघं पुण्याला गेली. मी स्वतः गाडीत बसवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची पुडी सोडली, तर आत शोरूमचं घड्याळ!

"रेणुका!"

"ओरडू नका, दूध उतू जाईल," आतून आवाज आला.

"जावयाला कोणती पुडी दिलीस?"

"जड होती ती."

"जड कामून?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "दोन पुड्या होत्या. दोनी हातावर घेऊन बघितल्या. एक जड, एक हलकी. पहिला धोंडा हाय, जावयाला हलकं देत असतेत व्हय? सराफाची बायको हाय मी, एवढं हातावर तोलता येतं मला."

मी तिला सांगितलं, ते बोरीचं होतं. तिचंबी तोंड उतरलं. तिला त्या घड्याळाची किंमत ठावं होती, माझ्या जिवातली किंमत. पण मी "फोन लावतो अन् परत मागतो" म्हणलं, तशी ती दारात आडवी झाली.

"खबरदार. अधिकातलं वाण हाय ते. लक्ष्मी-नारायण म्हणून हातात ठेवलंय. दिलेलं वाण माघारी घेतेत का कुठं? लेकीचा संसार नवा हाय."

"अगं पण मेळावा? ते कोथरूडकर? सगळी मुलामा म्हणून हसायलेत मला!"

"अन् तुमी जावयाला काय द्यायला निघाले होते? मुलाम्याचंच ना?" असं म्हणून ती दुधाकडं गेली.

बघा आता. अन् खरं सांगू का, रेणुकानं अडवलं नसतं तरी मी फोन लावला नसता. डहाळ्यानं जावयाला दिलं अन् दुसऱ्या दिवशी परत मागितलं, हे शब्द उच्चारायचे कसे? जीभ झडली नसती का? पण घड्याळबी पायजे होतं. रात्रभर हेच. मागावं तर इज्जत जाते, न मागावं तर पुण्यात इज्जत जाते.

दोन दिवसांनी जावयाचाच फोन. एरवी ते आपणहून फोन करीत न्हाईत.

"मामा, एक विचारायचं होतं. घड्याळ फार सुंदर आहे. पण ते बंद पडलंय. सेल संपला असेल. खाली मोबाइलवाला आहे, त्याच्याकडून टाकून घेऊ का?"

"हात लावू नका!" मी एवढ्यानं ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. माझ्या डोळ्यांपुढं तो मोबाइलवाला अन् त्याचा स्क्रूड्रायवर. "नचिकेतराव, त्याला सेल नसतो. उजव्या अंगाला बारीक चावी हाय बघा. हळूहळू पुढं फिरवा. जबरदस्ती करायची न्हाई. अडल्यासारखं झालं की थांबायचं."

फोनमधून कर्र कर्र आवाज आला. मी इकडं श्वास धरून. मग ते म्हणाले, "चालू झालं, मामा!" लहान लेकरासारखा आनंद हो. अन् मलाबी, काय सांगू, झालाच आनंद.

"रोज सकाळी द्यायची चावी," मी म्हणलं. "ठरल्या वेळेला. जनावराला चारा घालतो तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज, 'मामा, चावी दिली.' तिसऱ्या दिवशीबी तेच. मग एकदा फोन, की काटा थोडा मागं पडतो, हे बरोबर हाय का? मग तबकडीत सहाच्या आकड्याखाली बारीक खुणा हायेत त्या कशाच्या? लग्न झाल्यापासून आमी जेवढं बोललो न्हवतो तेवढं त्या आठवड्यात बोललो. पण मी काय घड्याळाची खरी ओळख सांगितली न्हाई. सांगितली तर ते परत करायला येतील अन् माझ्या तोंडून 'नको' निघणार न्हाई, ह्याची मला खात्री होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी परभणीहून रेल्वेनं पुण्याला गेलो. मनात ठरवलं होतं, सकाळी जावयाला म्हणायचं, 'द्या, तेलपाणी करून आणतो,' अन् घड्याळ घेऊन हॉलवर जायचं. पुढचं पुढं. पण सकाळी चहाला बसलो तर जावई इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मनगटावर घड्याळ.

"मामा, ईश्वरी म्हणाली तुमचा घड्याळांचा मेळावा आहे. मीही येतो."

तेलपाण्याचं मनातच ठेवलं अन् गेलो.

हॉल थंडगार. टेबलांवर काळं मखमल, त्यावर घड्याळं अन् त्यांच्याभोवती डोळ्याला भिंग लावलेली माणसं. मी स्वतःचं नाव सांगितलं तसं दोन-चार जण हसले. कोथरूडकर पुढं आले. उंच, पांढरे केस, बोलणं गोड. "या, परभणीकर. जगात जर्मनी, भारतात परभणी! आणलंत का?"

मी जावयाच्या मनगटाकडं बघितलं. तेच आपणहून पुढं झाले अन् हात टेबलावर ठेवला. कोथरूडकर वाकले, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. हसणं जरासं कमी झालं. "वरून चांगलं दिसतंय. पण तबकडीचं खरं-खोटं पाठीमागूनच कळतं."

तिथं एक म्हातारे घड्याळजी बसले होते, सगळ्यांचा त्यांच्यावर भरवसा. त्यांनी हत्यारं काढली अन् विचारलं, "मालक कोण? मालकानं 'उघडा' म्हटल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही. हा माझा नेम आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. 'मी' म्हणलं तर जावयाच्या मनगटावरचं वाण सगळ्यांदेखत काढून घेतल्यासारखं. 'हे' म्हणलं तर घड्याळ गेलं. कायमचं. ज्या लोकांना दाखवायला एवढा जीव काढला, त्यांच्याच पुढं ते माझं राहणार न्हवतं.

जावई माझ्या कानाशी वाकले. "मामा, मला माहीत आहे. त्या खुणांबद्दल विचारलं ना, तेव्हाच मी शोधून बघितलं, तशा खुणा अस्सल सोन्याच्या तबकडीवरच असतात. हे चुकून आलंय माझ्याकडे. परत कसं द्यावं कळत नव्हतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आज तुमच्या हातात द्यायचं म्हणूनच आलो." अन् ते पट्टा सोडायला लागले. लय जपून, दोन बोटांनी.

हळू बोलले, पण कोथरूडकरांना ऐकू गेलंच. ते म्हणले, "चुकून? असं घड्याळ कोणी चुकून देतं का हो? पत्र्याचं असलं तर देतील."

एकीकडं हे असलं बोलणं अन् दुसरीकडं तो पोरगा. सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून एवढे दिवस गप बसलेला, रोज सकाळी इमानदारीनं चावी देणारा, अन् आता चार लोकांत मान खाली घालून माझं मला परत करणारा. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पट्टा बांधा, नचिकेतराव."

"मामा, पण—"

"बांधा म्हणतो ना! चुकून? कोण म्हणलं चुकून?" माझा आवाज चढला, चढू दे. सगळा हॉल ऐकू दे. "डहाळ्याच्या घरातलं सोनं चुकून हलत नसतं. आमच्याकडं धोंडा होता, पहिला धोंडा, अन् जावयाला वाण दिलं. जे चांगल्यात चांगलं होतं ते दिलं. घड्याळजी, मालक हे हायेत. त्यांना विचारा."

घड्याळजींनी त्यांना विचारलं. जावयानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. मग म्हणाले, "उघडा."

झाकण निघालं, मशीन निघालं, अन् म्हाताऱ्यानं चिमट्यानं तबकडी उचलून उलटी केली. पाठीवर ठसा होता, सोन्याचा, स्पष्ट. त्यांनी तबकडी हळूच तोलली अन् भिंग काढून ठेवलं. "अस्सल. सगळं सोनं. आणि पहिल्यापासूनची तबकडी, कोणी हात लावलेला नाही." मग बाजूच्यांना म्हणाले, "बघून घ्या, परत बघायला मिळायचं नाही."

लोकांची नुसती झुंबड उडाली. हसणारे सगळ्यात पुढं. कोथरूडकर माणूस म्हणून वाईट न्हाईत, ते मी कबूल करतो. ते सरळ माझ्यापुढं आले, हात जोडले अन् म्हणले, "चंद्रभानराव, ग्रुपवर लिहिलं होतं, ग्रुपवरच माफी मागतो. पण एक सांगा, असं घड्याळ तुम्ही खरंच जावयाला दिलंत?"

"मग काय तांब्या देऊ?" मी म्हणलं.

ते जावयाकडं वळले. विकणार का विचारलं, म्हणाल तो आकडा म्हणले. आता ते मालक होते, हो म्हणले असते तर मी काय करणार होतो?

"नाही हो," जावई म्हणाले. "सकाळी त्याला चावी दिल्याशिवाय मला आता चहा जात नाही. आणि वाण कसं विकायचं?"

असा अभिमान मला माझ्या कुठल्या घड्याळाचा वाटला न्हाई. संग्रह करायचा तर माणूस असा पायजे, पारखलेला. आमच्या गंगाखेडच्या लेकीनं शोधून काढलेला हाय, उगाच न्हाई. हॉलमधून निघेपर्यंत मी चार लोकांना सांगितलं, हे आमचे जावई, हे आमचे जावई. ते बिचारे लाजून लाल. खोटं कशाला बोलू, तिजोरीतली ती रिकामी जागा डोळ्यांपुढून हलत न्हवती. पण ताठ मानेनं चाललो.

बाहेर येऊन झाडाखाली उभा राहून रेणुकाला फोन लावला. सगळं सांगितलं. ठसा कसा निघाला, कोथरूडकरांनी हात कसे जोडले, जावई काय म्हणले. ती ऐकत होती.

"अन् मी काय म्हणलं ठावं हाय का?" मी म्हणलं. "सगळ्यांपुढं सांगितलं, चुकून न्हाई म्हणून. तू दिलंस ते मी काय माघारी घेतलं न्हाई."

ती मग म्हणली, "मी कुठं दिलं? मी तर नुसती पुडी हातात ठेवली होती. दिलं तुमी, आज."